टाकीतलं पाणी

सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या कॅम्पर गाडीत बसून अच्युतराव जैसलमेरच्या पुढच्या वाळवंटात न्यायच्या सामानाची यादी करत होते. स्टोव्ह, भाजणी, मेतकूट, गोधडी.

"काका, गोधडी एकच ना?" गाडीने विचारलं.

"एकच."

पाण्याची चिंता नव्हती. आत बसलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ गोळा करून गाडीच पाणी बनवायची. पहिल्या सहलीत नलिनीताईंनी नाक मुरडलं होतं. "अहो, तुमच्या घोरण्याचा चहा करायचा होय मी?" मग स्वतःच आलं घालून दोन कप प्यायल्या होत्या.

"टाकीत मागच्या सहलीचं साडेतीन लिटर शिळं पाणी आहे," गाडी म्हणाली. "ते ओतून टाकल्याशिवाय मला निघता येणार नाही."

अच्युतरावांचा हात थांबला. घरातलं शिळं पाणी नलिनीताई रोज सकाळी न चुकता ओतून टाकायच्या. त्या सहलीवरून मात्र त्या थेट दवाखान्यात गेल्या आणि परत आल्याच नाहीत. टाकी तशीच राहिली. तिच्यातला निम्मा श्वास त्यांचा होता.

"ओतू का, काका?"

"नको. राहू दे ती सहल."

त्यांनी काचा वर केल्या, दार लावून घेतलं आणि बायकोच्या रिकाम्या सीटशेजारी नुसते श्वास घेत बसून राहिले.

दिवेलागणीला गाडी म्हणाली, "काका, टाकीतलं पाणी अर्धी वाटी वाढलंय."

"नीट मिसळलं का?" त्यांनी विचारलं.