तीन गावांचा जंतू

बुद्धघोष सर धाराशिवच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. वाशी, अणदूर आणि सास्तूरची माती त्यांनी स्वतः जाऊन आणली. तारेचा लूप ज्योतीवर लालभडक करायचा, चहासारखा फुंकर मारून निववायचा, मातीच्या पाण्यात बुडवायचा आणि जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटवर फिरवायचा, यातलं एकही काम त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. पोरांना स्वच्छतेचं वळण नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

तिन्ही गावांच्या प्लेटांवर एकच पिवळाधमक जंतू उगवला आणि सरांना आभाळ ठेंगणं झालं. नवा जंतू! त्याला नाव जिल्ह्याचं द्यायचं ठरलं, शोधनिबंध रवाना झाला. सर स्टाफरूममध्ये पेढे वाटत होते, तेवढ्यात त्यांची विद्यार्थिनी गौरी चौथी प्लेट घेऊन आली. त्या प्लेटवरही तोच पिवळा जंतू!

"अरे वा! ही कुठल्या गावची गं?" सरांनी तिच्यापुढं पेढा धरला.



"सर, हिच्यात मातीच न्हाय. परवा तुम्ही आम्हाला हिच्यावर नुसता लूप फिरवून दाखवला होता ना, फुंकर मारून."