सांगायचं कारण

"ऑपरेशनला किती वर्षं झाली?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

निता पदर सारखा करू लागली. शेजारच्या खुर्चीवर तिचा नवरा बसला होता.

"कोणतं ऑपरेशन?" रामकिसन म्हणाला.

डॉक्टरबाईंनी पडद्याआड तपासताना बेंबीखालचा बोटभर व्रण पाहिला होता. निताला काहीतरी जुळवून सांगता आलं असतं, पण आता तेवढाही जोर तिच्या अंगात उरला नव्हता.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "दुसऱ्या पोरीच्या वेळेस केलं. लेकरं न होण्याचं."

रामकिसनचा हा दुसरा संसार. पहिली बायको रूपा आठ वर्षांत पोटुशी राहिली नाही, म्हणून तिला सोडचिठ्ठी दिली होती. दुसऱ्या खेपेला त्याच्या आईनं, चंदाबाईनं, मुद्दाम लेकरं झालेली विधवा शोधली. निताच्या भावानं दोन्ही पोरी जऊळक्याला आपल्या घरी ठेवून घेतल्या आणि ऑपरेशनचं तेवढं सांगितलं नाही. या लग्नाला तीन वर्षं झाली. तीन वर्षं निता भिंतीकडे तोंड करून लुगडं बदलत होती, चंदाबाई देईल तो काढा पीत होती, आणि दर महिन्याला 'या खेपेले बी नाही का वं?' ऐकत होती.

रामकिसन ओरडला नाही. त्यानं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"जोडता येते का ते?" त्यानं विचारलं.

"येतं. सगळ्यांचं नाही." डॉक्टरबाईंनी हे पुष्कळदा सांगितलेलं असावं, एका सुरात बोलत होत्या. "नळ्या कशा बांधल्या, किती उरल्या, त्यावर आहे. वयही पाहावं लागतं, हिला चौतिसावं लागलं. जोडूनही दिवस राहतीलच असं नाही. राहिले तर गर्भ नळीतच राहण्याची भीती असते, त्यात बाईचा जीव जाऊ शकतो. पण हे सगळं नंतर. आधी तुमची तपासणी."

"माही कायले? नळ्या तं हिच्या बांधल्या."

"पोट हिचं उघडायचं आहे. तुम्हाला नुसतं डबीत वीर्य द्यायचं आहे."

दुपारपर्यंत दोघं दवाखान्याच्या बाकावर बसून होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. सकाळी घरून, अनसिंगहून, निघताना बांधून आणलेल्या भाकरी पिशवीतच राहिल्या. रामकिसननं एकदाच तोंड उघडलं. "तुह्या भावानं आमाले फसवलं."

"हो," निता म्हणाली.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं. "यात शुक्राणू एकही नाही," त्या म्हणाल्या. "महिन्याभरानं पुन्हा तपासू. पण तोवर हिच्या नळ्यांना हात लावण्यात काही अर्थ नाही."

"एक बी नाही?"

"नाही."

रामकिसननं कागद हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. बाहेर आल्यावर त्यानं रूपाचं नाव काढलं नाही. नितानंही काढलं नाही.

वाशीमच्या स्टँडवर गाडीची वाट पाहताना तो पहिल्यांदा तिच्या जवळ सरकला. "घरी मी सांगतो," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"काय सांगता?"

"तुह्या ऑपरेशनचं. तेवढंच. लोकाईले बी तेच."

नितानं त्याच्याकडे पाहिलं. ज्या गोष्टीपायी तीन वर्षं तिला धड झोप आली नव्हती, ती आता तो स्वतःहून गावभर सांगणार होता.

"बरं," ती म्हणाली. गाडी लागली होती.

घरी पोचले तेव्हा चंदाबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. रामकिसननं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. चंदाबाईचे हात थांबले. ती आरडाओरडा करणारी बाई नव्हती. तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं.

"हिच्या भावाले उद्या बोलावून घे," ती म्हणाली. "घेऊन जाऊ दे जऊळक्याले. पोरी बी तिथंच हायेत हिच्या. अन् शेजारचा मारोतराव परवाच सांगे, त्याच्या साडूची पोरगी हाये म्हून. गरीब हाये, पण तरणी हाये. पाहून येऊ."

निता पाय धुऊन दारात आली होती. आता आपल्याला भीती वाटेल असं तिला वाटलं. ती वाट पाहत राहिली, पण भीती काही वाटली नाही.

"राहू दे, माय," रामकिसन म्हणाला.

"काहून?"

"राहू दे म्हणलं न."

"अरे, पण काहून? रूपाच्या वेळेस दुसरी कराले तुले आठ दिवसाचा दम निंगत नव्हता. आता काय झालं?"

रामकिसननं सदऱ्याच्या खिशातल्या रिपोर्टवर हात दाबला. चंदाबाईनं मान वळवून सुनेकडे पाहिलं. "तू तरी सांग वं. काहून नाही म्हणून राह्यला हा?"

"त्याईलेच इचारा, आत्याबाई," निता म्हणाली, आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. तिला कशाचीच घाई नव्हती.