चाकाखालचं लिंबू

मध्य प्रदेश राज्य नुकतंच झालं होतं. संताजीने लष्कराच्या जुन्या ट्रकवर नवी बॉडी चढवली आणि तो आरटीओच्या पासिंगला इंदूरच्या मैदानात आणला. पुढच्या चाकाखाली त्याने लिंबू ठेवलं.

“एक तुमच्या हातचं पण होऊन जाऊ द्या, साहेब.”

इन्स्पेक्टर जयसिंगरावांनी हसत दुसरं लिंबू थोडं पुढे ठेवलं.

मारुती ड्रायव्हरने गाडी सोडली. चाक पहिल्या लिंबावरून गेलं आणि हाड मोडल्यासारखा कडकन आवाज झाला.

लांब भिंतीपाशी उभा असलेला संताजी किंचाळला. त्याची बोटं चेचून चपटी झाली होती, रक्ताची धार लागली होती. चाकामागे लिंबू मात्र अख्खंच होतं.

“मारुती, ब्रेक मार!”

“मारलाय साहेब! अभी तक तो बरोबर लागत होता!”

चाक दुसऱ्या लिंबाला टेकलं. जयसिंगरावांनी उजवा हात छातीशी घट्ट धरला. त्यावर टायरची नक्षी उमटू लागली होती.