गाडी निघाली आहे

आपली बायको प्रिती गेल्याचं राजरत्नला रविवारी सकाळी साडेअकराला कळलं. बारा वाजता तो लालबागला मंडळाच्या ऑफिसात होता आणि हितेंद्रच्या तोंडावर कीबोर्ड हाणत होता.

दुसऱ्या फटक्याला कीबोर्ड तुटला. बटणं कॅरमवर आणि ढालींच्या कपाटाखाली उडाली. हितेंद्रने दोन्ही हात आडवे धरले. सव्वीस वर्षांचा, रोज जिमला जाणारा गडी. त्याने एकदा ढकललं असतं तर राजरत्न भिंतीवर जाऊन आदळला असता. पण ज्याच्या क्लासमध्ये आपण प्रोग्रामिंग शिकलो त्याच्या अंगाला हात कसा लावायचा, हे त्याला सुचत नव्हतं.

"सर, झालं काय ते तरी सांगा."

राजरत्नने खिशातून मोबाइल काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरला. मोबाइल परळच्या चाळीतल्या शेजारणीचा, सुभद्राकाकूंचा होता. त्यावर मंडळाच्या अँब्युलन्सचं अ‍ॅप उघडलेलं होतं. अ‍ॅप हितेंद्रने लिहिलं होतं, मंडळासाठी, फुकट. हिरव्या अक्षरांत एक ओळ दिसत होती : विनंती स्वीकारली. गाडी निघाली आहे.

"नऊ बावन्नला बटण दाबलंय. काकू तिची छाती चोळत बसल्या. खाली टॅक्सी उभी होती. काकू म्हणाल्या, टॅक्सी कशाला, गाडी निघालीय. पाऊण तास बसल्या. मी दादरला क्लास घेत होतो." राजरत्नचा आवाज वर गेला नाही. "प्रिती गेली. कुठे होती गाडी?"

"वहिनी गेल्या?"

"गाडी कुठे होती?"

हितेंद्रने ओठावरचं रक्त बाहीने पुसलं. "गॅरेजला. सोमवारपासून."

"मग निघाली कोण?"

हितेंद्रने टेबलावरचा आपला लॅपटॉप पुढे ओढला, कोड उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"गाडी नसली की अ‍ॅप बंद पडायचं. म्हणून तिच्या जागी एक रिकामी गाडी ठेवली, नल ऑब्जेक्ट. तिला बोलावलं की ती हो म्हणते आणि काही करत नाही. मग पुढचं काम अडत नाही." तो थांबला. "हा पॅटर्न तुम्हीच शिकवलात सर."

त्याची बोटं अजून लॅपटॉपवरच होती. राजरत्नने झाकण त्यांच्यावर आपटलं आणि वर सगळा भार दिला. हितेंद्र ओरडला. राजरत्नने झाकण उचललं नाही.

"मी हे शिकवलं?"

"वापरणाऱ्याला आपली अडचण दिसता कामा नये, म्हणाला होतात. सर, हात... प्रोजेक्टही तुम्हीच तपासलात. दहापैकी नऊ दिलेत."

"एक कशाला कापला?"

"कोडमध्ये कॉमेंट लिहिल्या नव्हत्या."

राजरत्नने झाकण सोडलं आणि त्याच्या बरगडीत लाथ घातली. हितेंद्र खुर्चीसकट पडला. राजरत्नने पुन्हा लाथ घातली, त्याच जागी. मग आणखी काय करावं ते सुचेना तेव्हा त्याने ढालींच्या कपाटाच्या काचेवर मूठ मारली. काच एका फटक्यात फुटली नाही. फुटेपर्यंत तो मारत राहिला. दारात चार माणसं जमली होती. आत कोणी आलं नाही.

रक्ताळलेला हात पँटला पुसून त्याने लॅपटॉप आपल्याकडे फिरवला.

"सर्व्हरचा पासवर्ड सांग."

हितेंद्रने जमिनीवरूनच सांगितला. राजरत्नने ती ओळ शोधली.

"ती काढू नका सर. गाडी नसताना अ‍ॅप बंद पडेल."

"पडू दे. बंद पडलं की माणूस टॅक्सीकडे पळेल."

त्याने ओळ काढली. बदल सर्व्हरवर चढवला. मग मागच्या नोंदी उघडल्या आणि रिकामी गाडी कोणाकोणाला हो म्हणाली आहे तेवढीच नावं वेगळी काढली. चौदा निघाली. चाळ, खोली, तारीख, मोबाइल नंबर. शेवटची ओळ आजची, सुभद्राकाकूंच्या नावाची.

"चौदा?" हितेंद्र कोपरावर उठत म्हणाला. "कोणी तक्रारच केली नाही सर."

राजरत्नने पहिला नंबर लावला. बाईने उचलला.

"मंडळाच्या अँब्युलन्सकडून बोलतोय. अठरा फेब्रुवारीला तुम्ही गाडी बोलावली होती."

"आत्ता पोचलात होय?"

बाईच पुढे बोलली.

"सासरे होते आमचे. गाडी येईना, मग शेवटी खुर्चीत बसवून उतरवलं. तिसऱ्या जिन्यावर मान टाकली त्यांनी."

"तुम्ही नंतर मंडळात आला नाहीत?"

"कशाला यायचं? ड्रायव्हर अडकला असेल बिचारा कुठेतरी ट्रॅफिकमध्ये. तुम्ही पण त्याला आता काही बोलू नका हो."

फोन बंद झाला. हितेंद्र खाली मान घालून बसला होता, मोडलेली बोटं दुसऱ्या हातात धरून. राजरत्नने पडद्यावर पहिल्या नावापुढे एक शब्द लिहिला : गेले. खाली, काकूंची ओळ सोडून, अजून बारा नंबर लावायचे होते.