प्रत्येक दारात

लॉरी शेजारच्या भाऊंच्या दारात थांबली आणि शेवंतीची भाकरी तव्यावरच राहिली.

"कुणीही घराबाहेर पडू नये," कर्ण्यातून आवाज येत होता. "गर्दी करू नये. लॉरी प्रत्येक दारात थांबेल. आपापल्या उंबऱ्यातून पाहावं."

सत्तावन्न सालचा तो ताप घाटकोपरच्या त्या बैठ्या चाळीत घरोघरी शिरला होता. राष्ट्रीय लोककला संग्रहालयाला टाळं लागलं, तेव्हा तिथल्या मंडळींनी डोकं चालवलं. माणसं येऊ शकत नाहीत ना, मग संग्रहालयच त्यांच्याकडे न्यायचं. निवडक वस्तू लॉरीवर चढल्या आणि उपनगरांतून फिरू लागल्या. कल्पना झकास होती. आजच्या लॉरीवर एक जुनी लाकडी पालखी होती.

शेवंतीने ती बघताक्षणी ओळखली. दांडीवर कोरलेले पोपट, त्यातल्या एकाची चोच तुटलेली. सासरच्या गावची, वाघजाईची पालखी. गावाने देवीला चांदीची पालखी केली, तेव्हा ही संग्रहालयाला देऊन टाकली होती.

शिमग्यात हीच पालखी ढोल वाजवत गावभर फिरायची. अंगणाअंगणात टेकायची आणि घरची बाई देवीची ओटी भरायची. शेवंतीच्या अंगणात ती कधी टेकली नाही. तिच्या नवऱ्याने, धोंडूने, परजातीतली बायको केली म्हणून गावाने त्याचं घर वाळीत टाकलं होतं. तरी ही वेडी दर शिमग्याला अंगण सारवायची, ताट घेऊन उभी राहायची. ढोल जवळ यायचे आणि दारावरून पुढे जायचे. मग ती ताट आत न्यायची आणि धोंडू उगीचच गोठ्याकडे वळायचा. त्याने तिला कधी बोल लावला नाही. त्याचंच तिला जास्त लागायचं. शेवटी दोघं मुंबईला आली. इथे वाळीत टाकणं कुणाला परवडत नाही, नळ सगळ्यांना मिळून एक. पण ती हुरहूर काही तिचा पिच्छा सोडेना.

बाहेर भाऊंचा आवाज चढला. भाऊ त्याच गावचे, मानकऱ्यांच्या घरातले.

"साहेब, पुढच्या दारात थांबू नका. गावचा रिवाज हाय."

लॉरीवरच्या जयवंतने नाकावरचा रुमाल सारखा केला. संग्रहालयाचा तो नवा नोकर. "काका, एक दार सोडलं की त्या घरची माणसं रस्त्यावर येतात. मग गर्दी होते. साथ आहे, तेव्हा प्रत्येक दारात थांबायचं, असा हुकूम आहे."

शेवंतीने हे ऐकलं, पण विश्वास ठेवायची तिची छाती झाली नाही. आत धोंडू तापाने फणफणला होता. कूस न बदलताच तो म्हणाला, "दार लोट गं. उगाच बघत बसू नको."

तिने दार लोटलं. इंजिन घरघरलं. चाकं सरकली. ती डोळे मिटून आवाज लांब जायची वाट पाहू लागली. तेवढी सवय तिला होती.

आवाज लांब गेला नाही. दारासमोरच येऊन बंद झाला.

शेवंतीने दार उघडलं. पालखी पुढ्यात होती. धोंडू भिंतीला धरून कधी उठून उभा राहिला, ते तिला कळलंच नाही. आमटीसाठी आणलेला नारळ तिने फडताळातून काढला, मूठभर तांदूळ घेतले आणि उंबऱ्याच्या आतच गुडघे टेकले.

"अगं, रिकामी हाय ती," भाऊ आपल्या दारातून म्हणाले. "देवी गावाला, चांदीच्या पालखीत. नुसत्या लाकडाची कसली ओटी भरतेस?"

शेवंतीने पदर डोक्यावर घेतला.

"देवी आत होती तेव्हा थांबली नाय, भाऊ," ती म्हणाली. "ही थांबली."