सर्वांत शांत गाव

चर्चच्या घंटेच्या लोलकाला सरपंच निकानोरने अंगावरचा लोकरी पोंचो काढून करकचून गुंडाळला आणि तो शिडीवरून खाली उतरला. खाली त्याची बायको बासिलिया कमरेवर हात ठेवून उभी होती.

“घंटा मुकी केलीस, गाढवं डोंगरापलीकडे धाडलीस, कोंबडे डालग्याखाली कोंडलेस,” ती कुजबुजली. “आता मला कुठल्या डालग्याखाली घालतोस?”

“तीन दिवस जीभ आवर गं बाई. मग डांबरी रस्ता!”

राजधानीतल्या कुणा शहाण्यांना साक्षात्कार झाला होता की डोंगरातली गावं शांत असतात आणि शांतता विकता येते. त्यांनी समिती नेमली, स्पर्धा काढली. तीन दिवसांच्या मोजणीत जे गाव सर्वांत शांत ठरेल तिथे पाहुणे येणार आणि पाहुण्यांच्या गाड्यांसाठी डांबरी रस्ता होणार. इतकी वर्षं निकानोरच्या गावच्या, पुक्योबांबाच्या, अडलेल्या बाया चिखलातून झोळीत घालून खाली नेल्या, तेव्हा रस्ता कुणाला सुचला नाही. पाहुण्यांच्या कंबरेला मात्र धक्के बसता कामा नयेत! पण रस्ता तो रस्ता. त्यावरून बटाट्यांचा ट्रकही गेला असता. गेली दोन वर्षं निम्मं पीक वाटेतच सडलं होतं, ते निकानोर विसरला नव्हता.

शेवटच्या फेरीत दोनच गावं उरली होती. एक पुक्योबांबा आणि दुसरं खिंडीपलीकडचं आंताकुचो. तिथला सरपंच फर्मिन हा निकानोरचा कोंपाद्रे, म्हणजे निकानोरच्या मुलीचा धर्मपिता. वीस वर्षं एका ताटात जेवलेले दोघे आता कोण जास्त मुका यावर इरेला पेटले होते.

समितीचा एक माणूस आंताकुचोत बसला होता. पुक्योबांबात रेनाताबाई आल्या होत्या. निकानोरच्या अंगणात खुर्ची टाकून, मांडीवर आवाज मोजायचं यंत्र घेऊन त्या दिवसातून वीसदा म्हणायच्या, “अहाहा, काय ही शांतता!” गावात तेवढाच काय तो आवाज.

तिसऱ्या दिवशी दुपारी ढग आला. वरून काळाकुट्ट, पोटाशी पांढुरका. गारांचाच. आणि बटाटे ऐन फुलात.

असा ढग आला की काय करायचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शंख फुंकायचे, ढोल बडवायचे, फटाके उडवायचे आणि गारांच्या सात पिढ्या उद्धरायच्या. ढग घाबरून खिंडीपलीकडे जातो. तिथलं गावही बोंब ठोकतं, मग तो आणखी पुढे. शेवटी गारा कुठल्यातरी उजाड कड्यावर पडतात, तिथे कुणाच्या बापाचं काही जात नाही.

सगळं गाव अंगणासमोर जमलं. कुणाच्या हातात शंख, कुणाच्या ढोल, बायकांच्या हातात पातेली आणि पळ्या. आणि सगळे चिडीचूप. गाव निकानोरकडे बघत होतं, निकानोर यंत्राकडे, आणि रेनाताबाई घड्याळाकडे. मुदत संपायला एक तास होता.

“मिळव हो रस्ता,” बासिलिया त्याच्या कानाशी म्हणाली. “त्यावरून काय नेशील? माती?”

पहिली गार निकानोरच्या मनगटावर बसली. शेजाऱ्याच्या हातातला शंख त्याने हिसकावला आणि छाती फुटेस्तोवर फुंकला. मग काय विचारता! तीन दिवसांची तुंबलेली तोंडं एकदम सुटली. ढोल, पातेली, फटाके, शिव्या. यंत्राचा काटा टोकाला जाऊन तिथेच थरथरत राहिला. रेनाताबाई कानांवर हात ठेवून किंचाळल्या, तीही मदत झाली. ढग घुटमळला, वळला आणि खिंडीपलीकडे गेला.

“वाचले बटाटे!” बासिलिया ओरडली. निकानोरला रस्त्याचं दुःख होतं, पण बटाट्यांचा आनंद त्याहून मोठा होता. आता पलीकडे फर्मिनचा शंख वाजेल म्हणून त्याने खिंडीकडे कान लावले.

शंख वाजला नाही. ढोलही नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

“अरे ओरड ना, गाढवा!” निकानोर खिंडीकडे तोंड करून किंचाळला.

निकाल महिन्याभरात लागला. आंताकुचोच्या मानपत्रात समितीने भारावून लिहिलं होतं, ‘प्रत्यक्ष गारपिटीतही या गावाने तोंडातून शब्द काढला नाही.’

जुलैत रस्त्याचं उद्घाटन झालं. निकानोर दोन लामा जनावरांच्या पाठीवर बियाण्याचे बटाटे लादून आंताकुचोला गेला. फर्मिनने फीत कापली, हार गळ्यात घालून घेतला, आणि मग हळूच म्हणाला, “तुझा शंख ऐकू आला होता रे. हात नुसते शिवशिवत होते. पण म्हटलं, तासाभराचाच तर प्रश्न आहे.”

निकानोरला रडू आवरेना. “हे बियाणं घे, कोंपाद्रे.”

“पेरल्यावर उगवायला वेळ लागतो. तोवर पोरं काय खातील?” फर्मिनने हार काढून खांबाला अडकवला आणि चौकात उभ्या ट्रकमध्ये चढला. ट्रकमध्ये गाद्या होत्या, भांडी होती, कोंबड्या होत्या आणि त्यांच्यामध्ये दाटीवाटीने बसलेली माणसं. ट्रक खाली शहराकडे गेला.

अर्ध्या तासाने पाहुण्यांची पहिली बस वर आली. गळ्यात कॅमेरा घातलेली एक बाई उतरली. तिने बंद दारं पाहिली, रिकामा चौक पाहिला, आणि लामांपाशी बसलेल्या निकानोरला विचारलं, “इथली माणसं कुठे आहेत हो?”

“वाटेत तुमच्या बसला जागा द्यायला एक ट्रक कडेला थांबला होता ना?” निकानोर म्हणाला. “त्यात होती.”