एक वर्ष की तीन

"किती वर्षांसाठी घ्यायची, सर?" शोरूममधल्या मुलीने विचारलं.

"एक," तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

शेजारच्या खुर्चीत आई होती. तिला हॉस्पिटलात न्यायला-आणायलाच तर गाडी हवी होती. विकत घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून महिन्याच्या भाड्याने. काल डॉक्टरांनी त्याला एकट्याला मागे थांबवून घेतलं होतं. 'फार तर वर्षभर,' ते म्हणाले होते. आईला हे ठाऊक नव्हतं. कालपासून त्याचा गुडघा सारखा हलत होता. आत्ताही टेबलाखाली तेच चाललं होतं.

"थांब रे," आई म्हणाली. आयुष्यभर पोरांना गणित शिकवलेली बाई ती. "हा हप्ता काढतात कसा, ते तरी कळू दे."

"आई, कॉम्प्युटर काढतो."

"त्यालाही कुणीतरी शिकवलंच असेल ना?"

मुलीला हसू आलं. "गाडीची पूर्ण किंमत तुम्ही भरत नाही, आजी. आज ती बारा लाखांची. तीन वर्षांनी परत द्याल तेव्हा सात लाखांची उरेल. मधले पाच लाख छत्तीस महिन्यांत वाटायचे. वर व्याज आणि टॅक्स."

"म्हणजे झिजेचे पैसे." आईने माहितीपत्रकाच्या कडेला भागाकार मांडलासुद्धा. "चौदा हजारांच्या आतच की. आणि एकच वर्ष ठेवली तर?"

"पहिल्याच वर्षी किंमत जास्त उतरते. बाराची साडेनऊ होते."

"अडीच लाख भागिले बारा..." पेन थांबलं. "अरे, हे तर वीस हजारांच्या वर गेलं! तीन वर्षं स्वस्त पडतायत. मग एकच का म्हणालास?"

तो उठला. काचेपाशी जाऊन आला. स्कूटरची किल्ली खिशातून काढली, पुन्हा ठेवली.

"असंच. पुढच्या वर्षी नवीन मॉडेल येईल म्हणून."

"नवीन मॉडेल! पंधरा वर्षं एकच स्कूटर दामटतोयस तू."

मुलगी हसली. तो हसला नाही. खाली बसला, आणि गुडघा पुन्हा सुरू झाला.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने चष्मा काढला, सावकाश पुसला आणि परत लावला.

"हा लहानपणी," ती मुलीला म्हणाली, "गणित सोडवायच्या आधी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर उत्तर बघून यायचा. कबूल कधी करायचा नाही. पण चेहरा अगदी असाच व्हायचा."

मुलीची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली.

"तीन लिही गं," आई म्हणाली. मग तिने टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो हलायचा थांबेपर्यंत काढला नाही.